त्रेसष्ट वेळा पडलेली बाई

सप्टेंबर महिन्यात ब्राइड पॉटल त्रेसष्ट वेळा पडली. निदान कागद तरी तसं सांगत होता, आणि कागद विद्यापीठातून आलेला, त्यामुळे त्याच्याशी हुज्जत घालणार कोण? ब्राइडला मात्र त्यातलं एकही पडणं आठवत नव्हतं. वय ब्याऐंशी, अंगाने काडी, आणि त्या काडीवर ओरखडासुद्धा नाही.

"पोरी, मी त्रेसष्ट वेळा पडले असते तर एव्हाना मला पुरून वर गवत उगवलं असतं," ती कोरिनला म्हणाली.

कोरिन टोबिन ही स्टेला मॅनरची मालकीण. लाँग ड्रोक गावात म्हाताऱ्यांसाठी एवढं एकच घर, बावीस खाटांचं, बंदराकडे तोंड करून बांधलेलं. कोरिन याच गावात वाढलेली. पन्नाशी गाठली तरी इथल्या सगळ्यांना ती मावशी आणि काका म्हणायची, कारण लहानपणी यांच्याच अंगणातून धावली होती आणि यांच्याच हातचे धपाटे खाल्ले होते. तीच आज टेबलापलीकडे तोंड पाडून बसली होती.

"ब्राइडमावशी, विचारायला जीभ रेटत नाही, पण चक्कर वगैरे येते का?"

"येते ना. तुझ्या स्वयंपाकघरातून कोबीचा वास आला की येते."

या सगळ्याचं मूळ म्हणजे विद्यापीठातली डॉ. हिलरी स्नूक. तंत्रज्ञानामुळे वृद्धगृहातली देखभाल सुधारते का, हा तिच्या अभ्यासाचा विषय. ऑगस्टच्या शेवटी ती बावीस मनगटी पट्टे घेऊन आली आणि सगळ्यांना एका ओळीत बसवून स्वतः प्रत्येकाच्या डाव्या मनगटावर बांधून गेली. पट्टा दिसायला घड्याळासारखा, पण वेळ सांगत नव्हता. घरातल्याच गस हाइन्सला हे अजिबात पटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं, की माणूस धाडकन पडला की पट्ट्याला कळतं. मात्र पहिला महिनाभर पट्टा गुपचूप नुसती नोंद करणार, घंटी वाजणार नाही. घंटी वाजली तर घरातली माणसं एरवीपेक्षा जास्त धावपळ करतील आणि अभ्यासाचे तीनतेरा वाजतील.

महिना संपला आणि हा कागद आला. बावीस जणांत मिळून सदुसष्ट पडणी. त्यातली चार इकडची-तिकडची, आणि उरलेली सगळी ब्राइडची.

"आणि माझी किती?" शेजारी बसलेल्या लिअँडरने विचारलं. लिअँडर म्हणजे ब्राइडचा नवरा, वय शहाऐंशी, एके काळी कॉड मासे पकडायला जायचा.

कोरिनने कागदावर बोट फिरवलं. "लिअँडरकाका, शून्य."

लिअँडरने छाती फुगवली आणि काही बोलायला तोंड उघडलं. ब्राइडने टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ घातली, तेव्हा कुठे त्याने तोंड बंद केलं.

"आरोग्य खात्याला कळवावंच लागतं, मावशी. येत्या मंगळवारी त्यांची नर्स येणार आहे, तुमच्या देखभालीची पातळी नव्याने ठरवायला." कोरिनचा आवाज बारीक झाला. "तिसरी पातळी ठरली, तर मला तुम्हाला इथे ठेवता येत नाही. माझं लायसन्स दुसरीपर्यंतचंच आहे."

पुढचं तिने सांगितलं नाही, कारण सगळ्या गावाला ते पाठ होतं. तिसरी पातळी म्हणजे शहरातलं मोठं नर्सिंग होम, गाडीने अडीच तास, जिथे खाट रिकामी होईल तिथे, आणि एकट्याने. सिरिल वॉल्शला असंच नेलं होतं. त्याची बायको पंधरा दिवसांनी एकदा कोणाच्या तरी गाडीतून त्याला भेटायला जायची. पहिल्या हिवाळ्यात रस्ते बंद पडले, आणि रस्ते उघडले तोवर ज्याला भेटायचं तोच उरला नव्हता.

खोलीत परत आल्यावर ब्राइडने दार लावून घेतलं.

"शून्य म्हणे! काय रुबाब!" ती फणकारली.

"यंत्र म्हणालं, मी नाही," लिअँडर म्हणाला, पण खाली बघून.

कारण खरी गोष्ट अशी, की त्या घरात खरोखर पडणारा माणूस लिअँडर होता. महिनाभरात दोनदा. एकदा सकाळी न्हाणीघरात, एकदा पलंगाशेजारी. उभा राहिला, पांढराफटक पडला, आणि भिंतीला पाठ घासत घासत अगदी सावकाश जमिनीवर येऊन बसला. आवाज नाही, आपटणं नाही. दोन्ही वेळा ब्राइडने त्याला एकटीने उठवलं, आणि दोघांनी शपथ घेतली की हे कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की त्याला नेणार. तेव्हापासून ब्राइड सावध झोपायची. तो कूस बदलला की हिचे डोळे उघडे.

आता नेणार होते ते तिलाच. एकोणसाठ वर्षांचा संसार, आणि एका बिनकाट्याच्या घड्याळाने तो मोडायला घेतला होता. बरं, ती गेल्यावर हा भिंतीवरून घसरला तर उठवणार कोण, हे कोणाला विचारायचीही सोय नाही. ब्राइडला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून तिने लिअँडरचे मोजे पुन्हा एकदा घडी केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, खारवलेला मासा आणि भिजवलेला कडक पाव पोटात गेल्यावर, चौघं नेहमीसारखी खिडकीजवळच्या टेबलाशी जमली. एका बाजूला ब्राइड आणि लिअँडर, दुसऱ्या बाजूला गस हाइन्स आणि त्याची बहीण फिलोमेना. खेळ पत्त्यांचा, एकशेवीस. रविवार सोडून रोज दोन ते चार. आज मात्र पानं पिसायचीही कोणाला इच्छा नव्हती.

कोरिनने चहा आणला आणि ट्रेखालून एक कागद टेबलावर सरकवला. "हे कोणाला दाखवू नका म्हणून सांगितलंय मला. वार आणि वेळा आहेत. तुमच्या लक्षात काही येतंय का बघा."

गसने चष्मा चढवला. "सोमवार, दोन वाजून बारा. सोमवार, दोन वाजून एकोणीस. सोमवार, दोन वाजून चौतीस... ए ब्राइड, पडतेस कुठे तू? त्या वेळी तर आमच्यासमोर बसलेली असतेस."

"रविवारी एकदाही नाही," फिलोमेना म्हणाली आणि तिने छातीवर क्रूस काढला. "प्रार्थनेचं फळ, दुसरं काय."

गस पुढे वाचत होता. वाचता वाचता त्याचं बोट थांबलं. मान लाल झाली.

"गुरुवार, तीन वाजून चार." त्याने कागद टेबलावर ठेवला. "गुरुवार! तीन वाजून चार! तो माझा गुलाम!"

"कसला गुलाम?" कोरिनने विचारलं.

"हुकमाचा गुलाम! चौकटचा! मी टाकला, आणि या बयेने त्यावर पंजा मारला! त्यानंतर मी घड्याळ बघितलं, कारण म्हटलं आता चहा येईल तर जरा जीव शांत होईल. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती."

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. एकशेवीसमध्ये हुकमाचा पंजा सगळ्यात मोठा, त्याखाली गुलाम, त्याखाली बदामाचा एक्का. आणि लाँग ड्रोकमध्ये जिंकणारा हुकूम कोणी नुसता ठेवत नाही. हात कानापर्यंत न्यायचा आणि पान मुठीसकट असं आणायचं की कप बशीतून उडाला पाहिजे. जो हळूच ठेवतो तो एक तर आजारी असतो, नाही तर परगावचा. ब्राइडएवढं जोरात आपटणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. तिच्या हाताखाली दोन टेबलं मोडली होती, आणि त्याचा तिला अभिमान होता.

"पण मग मी का नाही पडलो?" गस म्हणाला. "आपटतो तर मीही."

चौघांनी आपापले हात टेबलावर ठेवले आणि पाहिलं. पट्टे सगळ्यांच्या डाव्या मनगटावर. पानं सगळे उजव्या हाताने खेळणारे. ब्राइड सोडून. शाळेतल्या नन्सनी पट्टीने बोटं सोलून काढली, तेव्हा ती लिहायला उजव्या हाताने शिकली होती, पण पत्त्यांसाठी डावा राखून ठेवला होता.

"त्रेसष्ट हात!" लिअँडर हळूच म्हणाला. "एका महिन्यात एकटीने त्रेसष्ट हात!"

"माझ्यासमोर मोजू नकोस," गस म्हणाला.

कोरिनने तडक डॉ. स्नूकला फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पण त्यांना पटेना. पट्ट्याची परीक्षा प्रयोगशाळेत झाली आहे, माणूस पडला की टाळी वाजवली, एवढा फरक त्याला कळतो, असं त्या म्हणाल्या. "टाळ्या कोण वाजवतंय इथे?" कोरिन ओरडली. शेवटी ठरलं की मंगळवारी नर्ससोबत त्याही येतील आणि प्रत्यक्ष बघतील.

मंगळवारी दोनच्या ठोक्याला दोघी हजर. डॉ. स्नूक सडपातळ, कमी झोपलेली, छातीशी पट्ट्यांना जोडलेला टॅब्लेट, आणि महिना संपल्यामुळे त्याची घंटी आता चालू. नर्स व्हेल्मा राइडआउट भरदार, पायात रबरी बूट, गेली पंधरा वर्षं या किनाऱ्यावरची सगळी म्हातारी माणसं तिने तपासलेली. तिला चारपर्यंत आणखी दोन गावं करायची होती, तेव्हा लवकर आटपा, असं तिने आल्याआल्याच सांगितलं. बाकीचे अठरा जण खुर्च्या ओढून भोवती बसले. एवढी गर्दी मागे बिशप आले होते तेव्हाही नव्हती.

पानं वाटली गेली. ब्राइडने आपली पाच पानं उघडली आणि तिचं तोंड कडू झालं. दुसरा डाव, तेच. तिसरा, चौथा, तेच. सत्त्या, अठ्ठ्या, दुर्री-तिर्री यांची सगळी खानेसुमारी तिच्या हातात येऊन गेली. टॅब्लेट गप्प. डॉ. स्नूक टॅब्लेटकडे बघतेय, नर्स घड्याळाकडे.

कोरिन ब्राइडच्या कानाशी वाकली. "आपट ना गं मावशी!"

"कशावर आपटू? हुकूम किलवर, आणि माझ्याकडे इस्पिकची सत्ती!"

"सत्तीवर आपट!"

"उद्या गावात तोंड दाखवायचंय मला!"

डॉ. स्नूकला वाटलं आपण मदत करावी. "मिसेस पॉटल, एकदाच, नमुन्यादाखल हात आपटून दाखवलात तरी चालेल."

"नमुन्यादाखल?" ब्राइडने तिच्याकडे असं पाहिलं की डॉक्टरीणबाई एक पाऊल मागे सरकल्या. "पोरी, नमुन्यादाखल मासा गळाला लागतो का?"

"ती नाही आपटायची," लिअँडर म्हणाला. "एकोणसाठ वर्षांत हिने एकदाही खोटं आपटलेलं नाही." त्याच्या आवाजात काळजी होती आणि कौतुकही, आणि त्या घटकेला दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

सहावा डाव वाटायची पाळी गसची. त्याने पानं जरा जास्तच वेळ पिसली. वाटली. ब्राइडने उचलली, आणि पाहते तो पंजा, गुलाम, एक्का, सगळं दरबार भरल्यासारखं तिच्या हातात. तिने पानं सावकाश खाली ठेवली.

"गस हाइन्स, तू पानं लावलीस."

गसचा चेहरा उतरला. जन्मभर तो हिला हरवायला धडपडला होता, आणि हिला जिंकवायला म्हणून त्याने आज पहिल्यांदा लबाडी केली होती. "अगं, तुला घेऊन जातील ना!" तो पुटपुटला. "मग मी भांडू कोणाशी?"

ब्राइडने पानं त्याच्याकडे सरकवली. "पुन्हा वाट. नीट."

नर्सने उठून कोट घातला. "हा शेवटचा," ती म्हणाली.

पानं वाटली गेली. हुकूम बदाम. ब्राइडने पानं उघडली, आणि पन्नास वर्षांत कमावलेला तिचा कोरा चेहरा कोराच राहिला. चार हात झाले, दोन-दोन. शेवटच्या हाताला गसने गुलाम कानापर्यंत नेला आणि हाणला. या खेपेला त्याला खरंच वाटलं की आपण जिंकलो. कप हलला. टॅब्लेट गप्प.

मग ब्राइडचा डावा हात वर गेला.

बदामाचा पंजा टेबलावर आला तो असा, की फिलोमेनाचा चहा फिलोमेनाच्या मांडीवर. आणि टॅब्लेट कोकलला, "पॉटल, ब्राइड. पडल्या. तातडी. पॉटल, ब्राइड. पडल्या."

बावीस म्हाताऱ्यांच्या घरात एवढा जल्लोष कधी झाला नव्हता. गस स्वतः हरलेला असून टाळ्या पिटत होता. डॉ. स्नूक टॅब्लेटकडे बघत "अरे देवा, अरे देवा" म्हणत होती, कारण तिचा सगळा महिना पाण्यात गेला होता. नर्स हसायला लागली. आणि लिअँडर दोन्ही हात वर करून खुर्चीतून उडाला. "बघितलंत? ही माझी भिडू!"

एवढंच म्हणाला. मग चेहरा पांढरा झाला. पाठ भिंतीला टेकली, आणि तो घासत घासत, अगदी सावकाश, कोणालाही तसदी न देता जमिनीवर येऊन बसला.

टॅब्लेट गप्प होता.

नर्स एका उडीत त्याच्याजवळ पोचली. त्याला आडवं केलं, नाडी धरली. "मिस्टर पॉटल, असं आधी कधी झालंय?"

"छे," लिअँडर डोळे मिटूनच म्हणाला. "पहिल्यांदाच."

ब्राइड उभी होती. आत्ता, याच घटकेला, तिला इथून कोणी हलवू शकत नव्हतं. तोंड मिटून राहिली असती तर चाललं असतं. पण नर्सने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि ते डोकं किती लहान दिसत होतं.

"तिसऱ्यांदा," ती म्हणाली.

"ब्राइड!" लिअँडर म्हणाला.

"तिसऱ्यांदा, बाई. महिनाभरात. दर खेपेला असाच." आणि हे बोलून ब्राइडने टेबलाचा कोपरा धरला, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि ती नवऱ्याशेजारी जमिनीवर बसली. "आता लिहा. दोघंही पडलोय. त्याची जी पातळी लिहाल तीच माझी लिहा. तुमचं यंत्र साक्षीला आहे, त्रेसष्ट वेळा. त्याला न्यायचं असेल तर मला पण त्याच गाडीत घाला."

नर्सने पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं. आडवा असताना मोजला, मग टेकवून बसवून मोजला. पुन्हा मोजला.

"लघवीची गोळी नवी सुरू केलीय का?"

"सप्टेंबरच्या सुरुवातीला," कोरिन म्हणाली.

"मग झालं तर. उठला की याचा दाब खाली येतोय. डॉक्टर गोळी निम्मी करतील. न्हाणीघरात दांडा बसवा, चालायला चौकट द्या." नर्सने ब्राइडकडे पाहिलं. "पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर पहिल्या दिवशीच हे केलं असतं."

"आणि त्याला शहरात पाठवला असतात! सिरिल वॉल्शला पाठवलात ना!"

"सिरिलचा खुबा मोडला होता, मावशी. तो पुन्हा उभाच राहिला नाही. एवढ्याशासाठी मी कोणाला नेत नाही. कोणालाच नाही. तुम्ही दोघं इथेच राहाल."

ब्राइडने तिच्याकडे पाहिलं, मग लिअँडरकडे, आणि तिचा संताप उसळून आला. सगळा महिना ती धड झोपली नव्हती. त्याच्या प्रत्येक खोकल्याला तिचं काळीज हललं होतं. आणि हवा होता काय, तर भिंतीला एक दांडा! ती आधी नर्सवर ओरडली, मग स्नूकवर, मग लिअँडरच्या दंडावर दोन चापट्या मारल्या. ते करता करताच तिला रडू फुटलं. ती ओक्साबोक्शी रडली, आणि लिअँडर भिंतीला टेकून बसल्या बसल्या तिचा गुडघा थोपटत राहिला.

"पुरे गं," तो म्हणाला. "पाठ गारठली. उठव मला."

नर्स आणि कोरिन दोन्ही बाजूंनी पुढे झाल्या.

"हात नका लावू," ब्राइड नाक पुसत म्हणाली. "त्याला कसं उठवायचं ते मला माहीत आहे."

टेबल धरून ती उठली आणि तिने वरचं जाड कापड ओढलं. पानं उधळली आणि गस हळहळला. कापडाची लांब घडी करून तिने ती लिअँडरच्या पाठीमागून दोन्ही काखांतून पुढे आणली, आणि पायाने खुर्ची सरकवून घेतली. मग ती थांबली. कापडाची दोन टोकं हातात धरून बघत राहिली. मनगटं किती बारीक झाली होती, ते तिचं तिलाच दिसलं.

"या," ती म्हणाली. "कोरिन, तू इकडचं टोक धर. बाई, तुम्ही तिकडचं. आणि तू गं पोरी, ते यंत्र ठेव खाली आणि त्याच्या पाठीला हात लाव. नीट बघून घ्या, उद्या मी नसले तर तुम्हालाच करायचंय. आधी त्याला दमाने बसू द्यायचं, आणि एकदम ओढायचं नाही. मी 'हो' म्हणेपर्यंत थांबायचं."

तिघी थांबल्या.